कवडीची ओळख : बुऱ्हाणपूरच्या बाजारवाटेपासून संगणकावरील नोंदवहीपर्यंत

प्रास्ताविक

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी हे तापीच्या खोऱ्यातील गाव. येथून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही खानदेश व निमाडच्या या पट्ट्यात समुद्रातील एक प्राणी घरोघरी परिचयाचा आहे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घातल्या जाणाऱ्या माळा, बंजारा स्त्रियांच्या पोशाखावरील टाके, भवानीच्या आराध्यांच्या माळा आणि सारीपाटाचा डाव या सर्वांत कवडी आहे. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’, ‘कवडीचुंबक’ हे शब्द तर आपण दररोज वापरतो. पण हातातली कवडी नेमकी कोणत्या समुद्रातली, कोणत्या जातीची, आणि तिच्या आत कोणता जीव राहत होता, असे विचारले तर उत्तर देणारा क्वचितच सापडतो.

समुद्री मृदुकाय प्राणी म्हणजे शंख, शिंपले, कवड्या, कालवे, माकूळ आणि कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी. यांची ओळख पटवून देणारी साधने आज संगणकावर उपलब्ध आहेत व त्यांत रोज भर पडत आहे. सामान्यतः हे काम प्राणिशास्त्रज्ञांचे मानले जाते. प्रस्तुत लेखात या कामाचा इतिहास अरबी प्रवासवर्णनांपासून आजपर्यंत थोडक्यात मांडला असून, त्यात इतिहासाच्या व भाषांच्या अभ्यासकांचा वाटा कोणता, हा प्रश्न विचारला आहे.

अरब लेखकांच्या नोंदी

समुद्रातील संपत्तीचा उल्लेख मुस्लिम वाचकाला नवा नाही. कुरआनातील सूरह रहमानमध्ये मोती व पोवळे यांचा निर्देश येतो. अल्‌-बेरुनी याने रत्नांवरील आपल्या ग्रंथात मोत्यांची सविस्तर चर्चा केली आहे. परंतु मृदुकाय प्राण्यांच्या ओळखीच्या दृष्टीने कवडीविषयीच्या नोंदी अधिक महत्त्वाच्या आहेत.

इ. स. ८५१ मधील, व्यापारी सुलेमानच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृत्तांतात हिंदी महासागरातील बेटांवर कवड्या कशा गोळा करतात हे सांगितले आहे. दहाव्या शतकात अल्‌-मसूदीनेही तसेच वर्णन केले. नारळाच्या फांद्या पाण्यात टाकल्या जात, कवड्या त्यांना चिकटत, मग त्या किनाऱ्यावर वाळवल्या जात व आतील जीव मेल्यावर रिकामे कवच खजिन्यात जाई. इ. स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ‘किताब-उल्‌-हिंद’मध्ये अल्‌-बेरुनीने या बेटांचे त्यांच्या उत्पन्नावरून दोन गट केले आहेत. एक कवड्यांची बेटे आणि दुसरी काथ्याच्या दोरांची बेटे.

इब्न बतूता हा १३४३–४४ मध्ये मालदीवमध्ये काझी होता. त्याने कवडीसाठी ‘वदअ’ हा अरबी शब्द वापरला आणि हा समुद्रातून गोळा केलेला जीव असून खड्ड्यात ठेवल्यावर त्याचे मांस नाहीसे होऊन पांढरे कवच उरते, असे स्पष्ट लिहिले. तेथील मोजणीही त्याने दिली आहे. शंभरांचा एक गट, सातशेंचा दुसरा, बारा हजारांचा तिसरा आणि एक लाखाचा चौथा, अशी चार निरनिराळी नावे होती. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत व कधी भाव उतरला की दहा लाखही मिळत. बंगालचे लोक त्या तांदळाच्या मोबदल्यात नेत, तर येमेनचे लोक जहाजात वाळूऐवजी वजन म्हणून भरत. पुढे पश्चिम आफ्रिकेत माली व गाओ येथे त्याच कवड्या एका दिनाराला १,१५० या दराने विकल्या जाताना त्याने पाहिल्या.

या नोंदी आजच्या दृष्टीने तपासल्या तर एक गोष्ट लक्षात येते. वस्तू हा जीव आहे, तो अमुक ठिकाणी मिळतो, त्याला तेथे अमुक नाव आहे आणि त्याचा उपयोग अमुक आहे, अशी चार अंगे त्यांत आहेत. आजच्या कोणत्याही जैवविविधता नोंदपत्रकात हेच रकाने असतात. उणीव आहे ती एकच. दिसायला सारख्या दोन जाती वेगळ्या करणारे वर्णन त्यांत नाही.

सुरत–बुऱ्हाणपूर–आग्रा मार्ग

नासिर खान फारुकीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले व शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने ओळखले जाणारे बुऱ्हाणपूर हे १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आल्यानंतर मोगलांचे दक्षिणेतील प्रमुख ठाणे बनले. सुरतेहून आग्र्याला जाणाऱ्या दोन मुख्य मार्गांपैकी एक अहमदाबादवरून आणि दुसरा बुऱ्हाणपूर व सिरोंजवरून जात असे. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात या मार्गाने गेला होता. बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, रशिया व पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने नमूद केले आहे.

याच लेखकाने कवडीचा भाव दिला आहे. समुद्राजवळ एका पैशाला ८० पर्यंत कवड्या मिळत, तर आग्र्याला ५० ते ५५. वाहतुकीमुळे समुद्रापासून जसजसे दूर जावे तसतशी कवडी महाग होत जाते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. गुजरातेत मात्र सुट्या व्यवहारासाठी इराणहून येणारे कडू बदाम चालत, हेही तो सांगतो. म्हणजे बंदरातील बदाम आणि आतल्या मुलखातील कवडी या दोन चलनांच्या सीमा याच प्रदेशात कोठेतरी एकमेकींना भिडत होत्या. बुऱ्हाणपूर हे अशा मार्गावरील मोठे मुक्कामाचे गाव होते.

येथे एका बदलाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. इब्न बतूताच्या हाती असलेल्या कवडीला ठिकाण होते व जीव होता. आग्र्याच्या बाजारात पोचलेल्या कवडीला या दोन्ही गोष्टी उरल्या नव्हत्या. तिला केवळ भाव होता. व्यापाराने वस्तू दूरवर पोचवली, पण तिची ओळख वाटेत गळाली.

चुकीच्या ओळखीची किंमत

कार्ल लिनियसने १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत दोन कवड्यांना स्वतंत्र नावे दिली. पहिली सायप्रिया मोनेटा, म्हणजे पैशाची कवडी. ती पिवळसर असते आणि तिच्या कडा फुगीर व उंचसखल असतात. दुसरी सायप्रिया ॲन्युलस, म्हणजे कड्याची कवडी. हिचा आकार अधिक गुळगुळीत, लंबगोल असून पाठीवर सोनेरी रंगाचे कडे असते. पुढे दोहोंची प्रजाती बदलून मोनेटारिया झाली. कवच झिजले की कडे पुसट होते व दोन्ही कवड्या सारख्या भासू लागतात. शिवाय कवडीचे पिल्लू प्रौढ कवडीसारखे दिसतच नाही. त्याचे कवच पातळ व तोंड रुंद असून त्याला दातेरी कडा नसतात. अनेकदा ती वेगळीच जात समजली गेली.

हा फरक केवळ संग्रहालयापुरता नव्हता. पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतके मालदीवची लहान कवडी चलन म्हणून चालत होती आणि गुलामांच्या व्यापारातही तिचाच वापर झाला. १८४० च्या दशकाच्या मध्यापासून हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या किनाऱ्यावरील स्वस्त, आकाराने मोठी कड्याची कवडी जहाजे भरभरून तेथे नेण्यास सुरुवात केली. बाजाराने ती स्वीकारली. परिणामी कवडीचा पुरवठा अतोनात वाढला, तिची किंमत घसरली आणि ज्यांची बचत कवड्यांत होती त्या सामान्य माणसांचे नुकसान झाले.

आपल्याकडे कारण वेगळे होते, पण भोगणारा वर्ग तोच होता. ओडिशात ईस्ट इंडिया कंपनीने महसूल कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयात मागितला. कवडीचा भाव उतरला, रुपया मिळवणे शेतकऱ्याला अवघड झाले, आणि १८१७ च्या पाइक उठावाच्या कारणांमध्ये इतिहासकार या गोष्टीचा समावेश करतात. ‘कवडीमोल’ हा शब्द उच्चारताना त्यामागे असा इतिहास आहे हे विसरता कामा नये.

मुंबईची यादी आणि परदेशातील नमुने

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मृदुकाय प्राण्यांची पहिली भरीव यादी १८९३ मध्ये प्रसिद्ध झाली. जेम्स कॉस्मो मेलव्हिल व अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांचा ‘मुंबईचे समुद्री मृदुकाय’ हा निबंध मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. ॲबरक्रॉम्बीने मुंबईत कवचे गोळा केली व मेलव्हिलने इंग्लंडमध्ये त्यांची ओळख पटवली. मेलव्हिलचा संग्रह पुढे टॉमलिन यांच्या संग्रहात मिळून आज कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरील एखाद्या शंखाचे नाव पक्के करावयाचे झाल्यास मूळ नमुन्यासाठी वेल्सकडे पाहावे लागते.

स्वातंत्र्यानंतर सुब्रह्मण्यम, करंदीकर व मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९४९ मध्ये मुंबईच्या शिंपल्यांवर आणि १९५१ व १९५२ मध्ये शंखवर्गीय प्राण्यांवर निबंध प्रसिद्ध केले. येथील अभ्यासकांनी येथील किनाऱ्यावर केलेले हे काम आजही आधारभूत मानले जाते. दीपक आपटे यांचे ‘द बुक ऑफ इंडियन शेल्स’ हे पुस्तक १९९८ मध्ये आले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने एन. व्ही. सुब्बा राव यांच्या ‘इंडियन सीशेल्स’चा पहिला भाग २००३ मध्ये व शिंपल्यांवरील दुसरा भाग २०१७ मध्ये प्रसिद्ध केला.

नावांचा घोळ किती व्यवहार्य प्रश्न आहे हे एका उदाहरणावरून दिसते. अरबी समुद्रात मिळणारा एक उंच शिखराचा, जाळीदार नक्षीचा शंकूशंख मेलव्हिल व स्टँडन यांनी १८९९ मध्ये कोनस क्लायटोस्पायरा या नावाने वर्णिला. परंतु तीच जात फ्रेंच अभ्यासक जुसोम याने १८९४ मध्ये कोनस मिलनेएडवर्डसी या नावाने आधीच नोंदविली होती. नामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव ग्राह्य धरले जाते. संग्राहकांत ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या शंखाला २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. कायद्यात एक नाव, जुन्या पुस्तकात दुसरे व बाजारात तिसरे असेल, तर बंदरावर तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने काय करावे? आणि जाळ्यात सापडलेला शंख विकणाऱ्या मच्छीमाराला आपण गुन्हा करत आहोत हे कसे कळावे? ओळखीचे साधन सर्वांना खुले असणे ही येथे न्यायाची बाब ठरते.

कवच नसलेल्यांचा प्रश्न

शंख-शिंपले निदान पेटीत ठेवता येतात. समुद्री गोगलगायींना बहुधा कवच नसते. मद्यार्कात ठेवताच त्यांचे रंग उडतात व आकार आक्रसतो. म्हणूनच या प्राण्यांची माहिती दीर्घकाळ अल्प राहिली. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर एलियट यांनी आंध्रच्या किनाऱ्यावर वॉल्टेअर येथे जमवलेल्या अशा प्राण्यांवर ऑल्डर व हॅनकॉक यांनी १८६४ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत निबंध प्रसिद्ध केला. जिवंत प्राण्यांवरून एतद्देशीय चित्रकारांच्या हातून करून घेतलेली रंगीत चित्रे या कामी उपयोगी पडली. प्राण्यांना लॅटिन नावे मिळाली, निबंधकारांची नावे त्या नावांमागे लागली. चित्रकार मात्र निनावी राहिले.

छायाचित्रणाने ही अडचण बरीच दूर केली. आपटे यांनी २००९ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्री गोगलगायींवरील निबंधात ४० जातींची भारतातून प्रथमच नोंद केली. विशाल भावे व आपटे यांनी २०११ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील सचित्र नोंदी प्रसिद्ध केल्या. हे सर्व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. ओहोटीच्या वेळी खडकांवरील डबक्यांत पाहणाऱ्याला दिसू शकणारे हे प्राणी एकविसाव्या शतकापर्यंत नोंदीबाहेर राहिले होते.

संगणकावरील नोंदवही

गेल्या दोन दशकांत चार प्रकारची साधने तयार झाली आहेत. पहिले, नावांची जागतिक नोंदवही. समुद्री जीवांच्या जागतिक नोंदणीत व तिच्याशी संलग्न मोलस्काबेसमध्ये प्रत्येक नावाला क्रमांक असतो आणि जुने नाव टाकले की आजचे ग्राह्य नाव मिळते. दुसरे, जुन्या ग्रंथांचे वाचनालय. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर लिनियसचा ग्रंथ कोणालाही विनामूल्य वाचता येतो. जसोंडीचा विद्यार्थीही ते पान उघडू शकतो. तिसरे, संग्रहालयांनी आपल्या नमुन्यांची संगणकावर ठेवलेली सूची. चौथे, लोकांनी पाठवलेल्या छायाचित्रांच्या नोंदी. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल २००८ पासून चालू आहे, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने गिरगाव, हाजी अली, जुहू यांसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यांवरील जीवांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर खुल्या केल्या आहेत.

या साधनांच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. सर्वच जाती छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत. काही वेळा प्राण्याची दातपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, तर काही वेळा जनुकीय तपासणी करावी लागते. संगणकाने सुचविलेले नाव तज्ज्ञाने तपासले नाही तर एक चूक शंभर ठिकाणी उतरते. दुर्मिळ जातीचे नेमके ठिकाण प्रसिद्ध केल्यास विक्रीसाठी शंख गोळा करणारे तेथे पोचतात, म्हणून अशा जातींचे ठिकाण नोंदवून घेऊनही ते ढोबळ स्वरूपातच दाखविण्याची पद्धत पडली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठिकाण व दिनांक नसलेले सुंदर छायाचित्र हे आग्र्याच्या बाजारातील कवडीसारखेच होय.

स्थानिक नावांचा रकाना

या सर्व नोंदवह्यांत एक रकाना बहुधा रिकामा असतो. तो स्थानिक नावाचा. कोकणात तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे, कालवे ही नावे रोजच्या जेवणातली आहेत. पण एका खाडीवर ज्या शिंपल्याला तिसरी म्हणतात, तेच नाव दुसऱ्या खाडीवर वेगळ्या शिंपल्याला असू शकते. हे अज्ञान मानणे चूक आहे. हे त्या त्या खाडीचे ज्ञान आहे आणि ते ठिकाणासह नोंदवले तरच उपयोगी पडते.

हे ज्ञान कोळ्यांकडे आहे तसेच रत्नागिरी किनाऱ्यावरील दालदी या मुस्लिम मच्छीमार समाजाकडेही आहे. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये दालदींचा मासेमार म्हणून उल्लेख आहे. खाडीत उतरून शिंपले गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. कोणता शिंपला कोणत्या चिखलात, कोणत्या भरतीनंतर मिळतो, हे त्यांना पाठ असते. मात्र या माहितीचे श्रेय नोंदवहीत कोणाच्या नावावर जमा होणार, हा प्रश्न एलियटच्या चित्रकारांपासून आजवर सुटलेला नाही. नाव सांगणारीचे नावही तिच्या संमतीने नोंदीत यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

येथेच भाषांच्या अभ्यासकांचे काम सुरू होते. अरबी, फारसी व दखनी ग्रंथांत, मोडी कागदपत्रांत व जकातीच्या नोंदींत कवडी, सदफ, मोती, शंख यांचे उल्लेख विखुरलेले आहेत. प्राणिशास्त्रज्ञाला ते वाचता येत नाहीत आणि भाषेच्या अभ्यासकाला त्यांचे मोल ठाऊक नसते. प्रत्येक उल्लेखाचे वर्ष, ठिकाण, शब्द व उपयोग असे चार रकाने भरून सूची केली, तर कोणत्या किनाऱ्यावर कोणता प्राणी केव्हा विपुल होता हे सांगता येईल. समुद्रकिनारे झपाट्याने बदलत असताना ही माहिती अमोल आहे.

निष्कर्ष

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत १५९० च्या सुमारास कोरलेला एक संस्कृत शिलालेख आहे. अरबी लेखाशेजारी त्यात फारुकी राजांची वंशावळ व पंचांगासह काळ दिलेला आहे. मशीद बांधणाऱ्यांना एकच वस्तुस्थिती दोन भाषांत नोंदवणे आवश्यक वाटले, कारण वाचणारे दोन प्रकारचे होते. समुद्री जीवांच्या नोंदवहीलाही हीच दृष्टी हवी. लॅटिन नाव जगासाठी आणि मराठी, उर्दू, कोकणी नाव किनाऱ्यावरील माणसासाठी.

आपल्या शिक्षणसंस्थांच्या शाळा व महाविद्यालये किनाऱ्यावरही आहेत व तापीकाठच्या प्रदेशातही. किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांनी ओहोटीच्या वेळी जीव न उचलता छायाचित्र, ठिकाण, दिनांक व स्थानिक नाव नोंदवावे. आतल्या भागातील विद्यार्थ्यांनी जुन्या ग्रंथांतील उल्लेख शोधावेत आणि घरातील माळांमधील कवड्या पाहून पैशाची कवडी कोणती व कड्याची कोणती हे ताडून पाहावे. यास मोठा निधी लागत नाही. इब्न बतूताने साडेसहाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बेटावर बसून हेच केले होते. त्याच्या नोंदीत राहिलेली उणीव भरून काढण्याची साधने आज आपल्या हाती आहेत.